ओकेची पाटी

मंगळवारी संध्याकाळी नारायणरावांच्या हातून चहाचं पातेलं सटकलं. ओट्यावरून खाली, तिथून घरंगळत मागच्या दारापर्यंत, आणि उंबऱ्याला आपटून एकदाचं गप्प झालं. पुढच्या खोलीत प्रुफं तपासत बसलेल्या नीरजाने मान वर केली नाही. मालिनीबाई देवापाशी वाती वळत होत्या, त्यांचा हात फक्त जरासा रेंगाळला. मायलेकी वाट बघत होत्या, आणि ती फार बघावी लागली नाही.

"ओके," स्वयंपाकघरातून आवाज आला.

मग वात पूर्ण झाली आणि प्रूफ पुढे सरकलं.

भोरमधल्या इतर घरांत काही पडलं की 'काय पडलं गं' असं विचारतात. या घरात विचारत नसत. पाडणाऱ्याने किंवा पडणाऱ्याने आपण होऊन ओके म्हणायचं, आणि ते ऐकलं की बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही, असा नियम होता. तो नारायणरावांनी मोटारींच्या रॅलीतून आणलेला. रॅलीच्या प्रत्येक गाडीत एक पाटी असते. एका बाजूला ठळक इंग्रजी अक्षरांत ओके, दुसऱ्या बाजूला तांबडी फुली. गाडी रस्ता सोडून गेली, उलटली, तर आतल्या दोघांपैकी ज्याला उभं राहता येईल त्याने बाहेर येऊन मागून येणाऱ्या गाडीला ती दाखवायची. फुली दिसली, किंवा पाटीच दिसली नाही, तर मागच्याने थांबायचं, मग तो शर्यत जिंकत का असेना. ओके दिसलं की न थांबता निघून जायचं. नीरजा लहान असताना एकदा अंगणात पडली, तिच्या आवाजाने मालिनीबाई हातातलं टाकून धावल्या आणि पायरीवरून घसरून मनगट मोडून बसल्या. पोरीला खरचटलंही नव्हतं. त्या दिवसापासून घरात ओके सुरू झालं.

नारायणराव बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. वेल्ह्याकडचे कितीतरी रस्ते त्यांच्या देखरेखीखाली डांबरी झाले होते, आणि जे झाले नव्हते त्या कच्च्या रस्त्यांवर ते तरुणपणापासून जिप्सी पळवत आले होते. शेजारच्या सीटवर अल्ताफ. स्टँडापलीकडे टायरचं दुकान चालवणारा हा त्यांचा मित्र पुढचं वळण दिसायच्या आधी ते मांडीवरच्या वहीतून वाचून सांगायचा. शर्यतीच्या रविवारी मालिनीबाई गॅस पेटवत नसत. गाडी शेवटचा टप्पा उतरल्याचा निरोप येईपर्यंत घरात ना फोडणी, ना चहा. हे कुठल्या पोथीत नव्हतं, कोणी शिकवलंही नव्हतं. नीरजाच्या लहानपणीचे रविवार दहीपोह्यांवर गेले. दुपारी कधीतरी फोन वाजायचा आणि अल्ताफकाका एवढंच म्हणायचे, "वहिनी, गॅस लावा."

त्या मंगळवारी नारायणराव चहा पुन्हा टाकून, कप घेऊन नीरजाच्या टेबलापाशी येऊन बसले. आदल्याच रविवारी ते वेल्ह्याच्या डोंगरात एक रॅली पुरी करून आले होते, आणि 'आता पुरे' हा विषय घरात तेव्हापासून धुमसत होता. नीरजाने तो पुन्हा काढला. पासष्टी जवळ आली, नजर पूर्वीची राहिली नाही, आईचा रक्तदाब वाढतो, हे सगळं तिने शांतपणे, मुद्देसूद मांडलं. पुस्तकांची प्रुफं तपासून तपासून तिला बोलण्यातही एक शिस्त आली होती.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्या रस्त्यावर समोरून कोणी येत नाही. सगळे एकाच दिशेला. मला छातीवरून, कमरेवरून पट्टे, डोक्यावर हेल्मेट, गाडीच्या आत लोखंडी पिंजरा. सुरुवातीला डॉक्टर उभा, शेवटाला अ‍ॅम्ब्युलन्स. तू प्रुफं घेऊन पुण्याहून येताना कापूरहोळला हायवे ओलांडतेस. तुझ्याकडे काय आहे? शबनम."

"मी हायवे हौसेने ओलांडत नाही, बाबा."

"म्हणून तो तुला सोडणार आहे का?"

"मग तुम्ही घरातसुद्धा हेल्मेट घालून हिंडत जा."

ते उठले, उंबऱ्याला चेपलेलं ते पातेलं आणून डोक्यावर पालथं घातलं आणि तसेच बसून चहा प्यायले. मालिनीबाईंनी आतून बजावलं, तिन्हीसांजेला काहीतरी धड बोला. त्या दिवशी याहून वेगळं काही घडलं नाही. रात्री पिठलं होतं.

बुधवारी सकाळी मालिनीबाई उत्रोलीला बहिणीकडे गेल्या. तिच्याकडे नवा तांदूळ आला होता, तो आणायचा होता. नारायणराव आंघोळीला गेले. नीरजा टेबलाशी. न्हाणीघरातून एक आवाज आला, जड आणि ओला. तिची पेन्सिल एका शब्दावर थांबली.

मग ओके ऐकू आलं. नेहमीसारखंच, किंचित वैतागलेलं, दुसरं अक्षर जरा लांबवलेलं.

पेन्सिल पुढे गेली. तिने एक स्वल्पविराम दिला, पान उलटलं, मग आणखी एक उलटलं. पुष्कळ वेळाने तिच्या ध्यानात आलं की नळ चालूच आहे, आणि पाणी बादलीत पडत नसून भरलेल्या बादलीवरून वाहतंय.

डॉक्टर प्रेरणा गल्लीतच राहायच्या, त्या लगेच आल्या. ओल्या फरशीवर गुडघे टेकून त्यांनी जे बघायचं ते बघितलं. नंतर बाहेर ओट्यावर नीरजाचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "त्यांना काही कळलंही नसेल. मागे पडले, कट्ट्याची कड नेमकी मानेपाशी लागली. पडताक्षणीच गेलेत. तोंडातून शब्द काढण्याइतकाही वेळ मिळाला नसणार."

हे त्या समजूत घालायला म्हणाल्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मालिनीबाई तेच सांगू लागल्या, शब्द काढायलाही वेळ मिळाला नाही, आणि ऐकणारे म्हणत, पुण्यवान माणूस. जन्मभर दऱ्यांच्या कडेने गाडी पळवली आणि गेले ते न्हाणीघरात, साबणावरून पाय घसरून, याचं लोकांना राहून राहून नवल वाटत होतं. नीरजा सगळ्यांना चहा देत होती. तिने काय ऐकलं होतं ते तिने कोणाला सांगितलं नाही. डॉक्टर बरोबर असतील, तर ते ओके कोण म्हणालं होतं? आणि डॉक्टर चुकत असतील, तर ओके म्हणताना बाबा जिवंत होते आणि ती भिंतीच्या अलीकडे बसून स्वल्पविराम देत होती. यातलं एक काहीतरी खरं असणार होतं. कोणतं, ते कळल्याशिवाय तिला झोप लागत नव्हती, आणि कळेल या भीतीनेही लागत नव्हती.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले. एका दुपारी मांडणीवरून कढईचं झाकण आपोआप निसटलं आणि फरशीवर गरगरत राहिलं. ते थांबलं तशी मागच्या बाजूने हाक आली.

"ओके."

नीरजाने आईकडे पाहिलं. मालिनीबाई ताटात तांदूळ निवडत होत्या. नवरा गेल्यापासून त्या पानाच्या सळसळीलाही दचकत होत्या. दाराची कडी वाजली तरी छातीवर हात जायचा. आता त्यांचा हात तांदळात जरासा रेंगाळला, आणि मग खडा वेचून बाजूला टाकून पुन्हा चालू लागला. हाकेपेक्षा तो हात बघून नीरजाच्या अंगावर काटा आला. 'तू ऐकलंस का' असं विचारणं सोपं होतं. पण आई 'हो' म्हणाली तर पुढे काय विचारायचं, हे तिला सुचेना.

नंतर तिने मुद्दाम करून पाहिलं. आई देवळात गेलेली असताना ती वाटी हातातून सोडायची, पुस्तकांचा गठ्ठा ढकलायची, आणि श्वास धरून उभी राहायची. काहीच यायचं नाही. घर नुसतं ऐकत असल्यासारखं वाटायचं. पण खरोखर काही पडलं, वाऱ्याने खिडकी आपटली, नारळ कौलावर पडला, की थोड्या अवकाशाने मागून ते यायचंच. त्याला फसवता येत नव्हतं.

भाताची काढणी संपली आणि सकाळी धुकं पडू लागलं तेव्हा अल्ताफकाका आले. जिप्सी तेव्हापासून पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. त्यांनी मालिनीबाईंना सांगितलं की गाडी अशी उभी राहिली तर ब्रेक चाकाला चिकटून बसतात. साताऱ्याचा एक ओळखीचा रॅलीवाला ती घ्यायला तयार आहे. पण घाटात एक फेरी मारल्याशिवाय नारायणने ती कोणाच्या हाती दिली नसती, तेव्हा पासलीपर्यंत जाऊन येतो. फक्त डावी सीट रिकामी ठेवून ती गाडी आजवर कधी डोंगरात गेलेली नाही, दुकानातल्या कोणाला तरी घेईन म्हणतो.

"मी येते," नीरजा म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. कॉलेजात गेल्यापासून ती त्या गाडीत बसली नव्हती. पण अल्ताफकाकांना एक गोष्ट विचारायची तिच्या मनात होती, आणि ती या घरात विचारता येण्यासारखी नव्हती.

निघताना मालिनीबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि खाली वाकून त्यांनी सिलिंडरची कळ बंद केली. अल्ताफकाकांना ते दारातून दिसलं.

"वहिनी, रॅली न्हाई. नुसती फेरी हाय."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या आणि पायरीवर येऊन बसल्या.

गाडीत इतका आवाज होतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून दोन्ही हेल्मेटांत कानाशी आणि तोंडाशी यंत्र असतं आणि त्यांच्या तारा मधल्या एका डबीत जोडलेल्या असतात. अल्ताफकाकांनी आपलं हेल्मेट नीरजाला दिलं आणि स्वतः नारायणरावांचं घातलं, कारण चालकाच्या बाजूची तार त्यालाच बसत होती. पट्टे आवळले, तारा जोडल्या. भोर मागे पडलं, नसरापूरवरून गाडी वेल्ह्याच्या रस्त्याला लागली. इंटरकॉममध्ये बोलण्यापेक्षा श्वासच जास्त ऐकू येतो, हे ती विसरून गेली होती. लहानपणी बाबा तिला या सीटवर बसवून मोकळ्या रस्त्यावर न्यायचे, तेव्हा त्यांचा श्वास असा तिच्या कानात असायचा, अगदी डोक्याच्या आत असल्यासारखा. आता अल्ताफकाकांचा होता, बिडीने खरखरीत झालेला, शेवटाला बारीक शीळ वाजणारा.

मार्गासनीच्या पुढे तिला वाटलं, त्याच्या खाली आणखी एक आहे. अधिक संथ.

आपलाच असेल, तिने मनाशी म्हटलं आणि आपला श्वास रोखून धरला. शीळ वाजणारा चालू राहिला. संथ होता तोही चालू राहिला.

वेल्ह्यात ते चहाला थांबले. हॉटेलबाहेरच्या बाकावर उन्हात बसून अल्ताफकाकांनी बशीत चहा ओतला. समोर तोरण्याचा माथा अजून धुक्यातच होता. नीरजाने विचारलं, बाबा कधी खोटं ओके म्हणाले होते का. गाडीत, रॅलीत.

अल्ताफकाकांनी बशी खाली ठेवली.

"एकदा," ते म्हणाले. "तू शाळेत हुतीस. केळदच्या अलीकडं गाडी कुशीवर गेली. मी पट्ट्यात लटकलेलो, समदी धूळच धूळ. अन् कानात आलं, ओके. तुज्या बापाचाच आवाज. मंग काय, म्या पाटी घेतली, काचंतनं भायेर निघालो, ओकेची बाजू धरून हुबा ऱ्हायलो. मागची गाडी आली, पाटी बघून निगून गेली. आन् वाकून आत बघतो तर नारायणच्या डोळ्यांचं नुसतं पांढरं दिसतंय."

"बेशुद्ध होते?"

"मेल्यावानी. त्याच्या मागली गाडी म्या फुली दाखवून थांबवली. लई उशिरा सुद्दीवर आला. इचारलं त्याला, तर म्हनला, आल्त्या, मी कुठं बोललो? मला तर वळणाच्या फुडचं काय आठवतच न्हाई. तुज्या आईला ह्यातलं काय म्हाईत न्हाई, आन् सांगू बी नको."

"मग कोण बोललं, काका?"

"ते म्या शोधत बसलो न्हाई." त्यांनी बशी उचलली, चहा गार झाला होता तरी प्यायले. "पन आजून मनाला खातं. म्या उलटून एक डाव इचारायला पायजे हुतं. लागलं का रे, येवढंच. ओके ऐकलं की मानूस इचारतच न्हाई गं."

ते तिच्याकडे बघत राहिले. तिने तिचं सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. ती म्हणाली, निघू या का, आणि त्यांनीही जास्त खोदलं नाही.

वेल्ह्याच्या पुढे रस्ता चढू लागला. नीरजा लहानपणापासूनचं आठवत होती. झाडावरून पडलेले बाबा, बोट चेमटलेले बाबा, जिन्यावरून दोन पायऱ्या चुकून खाली बसलेले बाबा. दर वेळी ओके, आणि दर वेळी दुसऱ्या खोलीतून आलेली शांतता. जगातल्या कुठल्याही घरात माणूस माणसाला विचारतो ते दोन शब्द तिने त्यांना कधी विचारले नव्हते. कोणी मनाई केली नव्हती. त्यांची कधी गरज भासू नये अशी सोयच त्या घराने करून ठेवली होती.

पासली जवळ आल्याचं खाचरांवरून कळत होतं. कापलेल्या भाताची खुंटं दवाने पांढरी दिसत होती. एका वळणापलीकडे कोणीतरी पेंढा डांबरावरच वाळत घातला होता, अर्धा रस्ता व्यापून. इथे सगळेच घालतात. रात्रीच्या दवाने तो भिजून चिकट झाला होता. अल्ताफकाका वेगात नव्हते. एसटीसुद्धा त्याहून जोरात जाते. त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी ब्रेक न लागल्यासारखी, सावकाश, जवळजवळ अदबीने, पेंढ्यावरून डावीकडे सरकत गेली आणि गटारात उतरून पुढच्या टोकाने दरडीला टेकली.

धप्प आवाज झाला, जड आणि ओला. इंजिन बंद पडलं.

पट्ट्यांनी नीरजाला धरून ठेवलं होतं. अल्ताफकाकांनी तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली, त्यांनीही हलवली. मग त्यांनी हेल्मेट काढून आपल्या सीटवर ठेवलं, तार तशीच डबीत राहिली. सीटमागून पाटी ओढून घेतली. शर्यत नव्हती, मागे स्पर्धक नव्हते, पण वळणावरून टेम्पो येऊ शकत होता, आणि इतक्या वर्षांची सवय होती. आरशात ती त्यांना पाहत राहिली. ते पेंढा तुडवत वळणापर्यंत गेले, तिथे रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी ओकेची बाजू समोर, रिकाम्या धुक्याकडे धरली.

शीळ वाजणारा श्वास त्यांच्याबरोबर गेला होता. दुसरा तिच्या कानात राहिला.

तिने आपला श्वास रोखला. तो येत होता, जात होता. शेजारच्या सीटवर हेल्मेट तिच्याकडे तोंड करून होतं, काच खाली ओढलेली, काचेत धुक्याचा पांढरा तुकडा. काच आतून हळूहळू धुरकट होत होती, निवळत होती, पुन्हा धुरकट होत होती. अल्ताफकाकांच्या डोक्याची ऊब अजून आत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

"ओके," तिच्या कानात आवाज आला.

नेहमीसारखंच. किंचित वैतागलेलं, दुसरं अक्षर जरा लांबवलेलं. बुधवारचं होतं, हुबेहूब तेच.

तिला आई दिसली, पायरीवर बसलेली, बंद गॅसच्या घरासमोर. तांदळात रेंगाळून पुढे निघालेला तिचा हात दिसला. तिचा स्वतःचा हातही तसाच पट्ट्याच्या कडीकडे निघाला होता. कडी सोडायची, दार उघडायचं, उतरायचं. ओके ऐकलं होतं. आता निघायचं असतं.

तिने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. पट्टे होते तसेच राहू दिले. हेल्मेटसकट मान जड झाली होती, ती तिने सावकाश उजवीकडे वळवली, त्या सीटकडे. तोंडाशी आलेलं यंत्र तिच्या ओठांना गार लागलं.

"बाबा," ती म्हणाली, "लागलं का?"